नळाच्या पाण्याची गुलाबी छटा

नळाला पाणी आले की पहिली काही मिनिटे ते तसेच वाहू देऊन मी एका लहान काचनळीत दहा मिलिलिटर पाणी घेतो, त्यात डीपीडी या क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाची एक गोळी विरघळवतो आणि रंगाकडे पाहतो. पाण्यात मुक्त, म्हणजे दुसऱ्या कशाशी संयोग न झालेला क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी गुलाबी होते, आणि क्लोरीन जितका अधिक तितका तो रंग गडद होत जातो. सोबतच्या रंगपट्टीशी ताडून मिळालेला आकडा मी वहीत लिहितो आणि नळीतले पाणी ओतून टाकतो, कारण गोळी टाकलेले पाणी पिण्यासाठी नसते. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम आहे. घरच्यांना त्यात थोडा विक्षिप्तपणा दिसतो आणि पाहुण्यांना पुष्कळच दिसतो.

पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो: पाणी एवढे नितळ आहे, चवीलाही चांगले आहे, मग तपासायचे ते काय? या प्रश्नाला उत्तर म्हणून मला नेहमी १८५४ सालच्या लंडनमधली एक वृद्ध विधवा आठवते. सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाचे पाणी तिला इतके आवडत असे की, दूर हॅम्पस्टेडला राहायला गेल्यावरही ती ते रोज गाडीतून बाटलीत भरून मागवून घेई. त्या वर्षी सोहोत कॉलऱ्याची साथ पसरली तेव्हा तिने कित्येक महिने त्या भागात पाऊलही टाकलेले नव्हते, तरीही ती कॉलऱ्याने गेली, आणि तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यायलेली तिची भाचीही गेली. साथीचे मूळ त्या पंपात आहे हे दाखवताना डॉ. जॉन स्नो यांना या एका मृत्यूचा फार मोठा आधार मिळाला. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते: ते पाणी तिने चवीवरून, पारखून निवडले होते.

अलीकडे चवीची जागा एका छोट्या यंत्राने घेतली आहे. टीडीएस मीटर पाण्यात बुडवायचा, आकडा वाचायचा आणि पाण्याचा निकाल लावायचा, ही पद्धत आता घरोघरी रुजली आहे, आणि ती पुष्कळ अंशी फसवी आहे. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यापलीकडे त्याला काही कळत नाही. क्षार जास्त असतील तर पाणी मचूळ लागते, भांड्यांवर पांढरे थर बसतात, साबणाला फेस येत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी चवीला चांगले व १,००० च्या पुढे क्रमशः नकोसे होत जाते. परंतु हा प्रश्न मुख्यतः रुचीचा आहे. सांडपाण्याचा थोडासा अंश मिसळून रोगजंतू आले तर या मीटरचा काटा जेमतेम हलेल. आणि शिशाची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग एवढी असल्यामुळे पूर्ण मिलिग्रॅममध्ये बोलणाऱ्या यंत्राला ते दिसण्याचा प्रश्नच येत नाही. मीटरवर ८० आकडा दाखवणारे पाणी आजारी पाडू शकते आणि ५०० दाखवणारे पाणी निर्धोक असू शकते.

याचा अर्थ डोळे आणि नाक निरुपयोगी आहेत असा नव्हे. ती काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, एवढे ओळखता आले पाहिजे. पेल्यात घेतलेले पाणी दुधासारखे पांढरे दिसले आणि तळाकडून वर वर निवळत गेले तर ते हवेचे बुडबुडे असतात आणि त्यात काळजीचे कारण नसते. तांबूस पाणी बहुधा जुन्या लोखंडी वाहिनीचा गंज घेऊन येते, काळपट कण मँगनीजचे असू शकतात, आणि निळसर-हिरवे डाग तांब्याच्या नळ्या झिजत असल्याचे सांगतात. मातीसारखा वास येणारे पाणी लोकांना फार अस्वस्थ करते. तो वास पुष्कळदा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, जे धरणातील नील-हरित जिवाणू तयार करतात आणि जे एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतके असले तरी माणसाच्या नाकाला कळते. ते द्रव्य स्वतः अपायकारक नसते. उलट, ज्या जंतूंनी माणसे आजारी पडतात त्यांना रंग नसतो, वास नसतो आणि चवही नसते. गढूळपणासुद्धा साधारण ४ एनटीयूच्या (एनटीयू हे गढूळपणा मोजण्याचे एकक) वर गेल्याशिवाय डोळ्यांना जाणवत नाही, आणि निर्जंतुकीकरण नीट व्हायचे तर तो १ एनटीयूच्या खाली असावा लागतो. म्हणजे डोळ्यांना नितळ वाटणारे पाणी गाळणीच्या कसोटीत नापास झालेले असू शकते.

मग प्रयोगशाळेचा अहवाल हाच खरा पुरावा मानावा काय? तो आवश्यक आहेच. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही आढळू नये, हा जगभर मान्य असलेला निकष आहे, आणि त्यामागचे कारण असे की हा जिवाणू माणसांच्या व इतर उष्णरक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत राहतो, त्यामुळे पाण्यात तो सापडणे म्हणजे विष्ठेचा अंश त्या पाण्यापर्यंत नुकताच पोहोचला असल्याचा पुरावा असतो. अडचण वेळेची आहे. जिवाणू वाढवून मोजायला अठरा ते चोवीस तास लागतात, त्यात नमुना पोहोचवण्याचा वेळ मिळवला तर अहवाल हातात येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. मोठ्या शहरात प्रयोगशाळा शुद्धीकरण केंद्रातच असते आणि नमुने रोज अनेक ठिकाणांहून येतात. लहान शहरात नमुना दुसऱ्या गावी जातो आणि तोही कधीतरीच. महिन्यातून एकदा काढलेला निर्दोष अहवाल त्या एका दिवसाच्या त्या एका बाटलीबद्दल बोलतो, उरलेल्या एकोणतीस दिवसांबद्दल तो गप्प असतो.

म्हणून मला शेष क्लोरीनचे महत्त्व वाटते. शुद्धीकरण करताना घातलेला क्लोरीन जंतू मारण्यात, सेंद्रिय द्रव्ये व लोह यांच्याशी होणाऱ्या प्रक्रियांत आणि वाहिनीच्या आतल्या थरावर खर्च होत जातो, आणि जो उरतो तो पाण्याबरोबर नळापर्यंत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार किमान अर्धा तास संपर्कानंतर, सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता) ८ च्या खाली असताना, लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा आणि नळापर्यंत पोहोचताना तो निदान ०.२ उरावा. हा उरलेला अंश दोन कामे करतो. वाटेत थोडेफार जंतू शिरले तर त्यांचा तो बंदोबस्त करतो. आणि मला अधिक मोलाचे वाटणारे दुसरे काम म्हणजे तो साक्ष देतो. काल ०.४ असलेला आकडा आज अचानक शून्य झाला असेल, तर एकतर क्लोरीन घातलाच गेलेला नाही, किंवा वाटेत असे काहीतरी मिसळले आहे की ज्याने तो सगळा खाऊन टाकला. कारण कोणतेही असो, ते आज सकाळीच कळते.

लहान शहरांतले पाणी कसे बिघडते हे समजून घेण्यासाठी मी ज्या घटनांकडे पुन्हा पुन्हा वळतो, त्यांतली पहिली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील वॉकर्टनची आहे. जेमतेम पाच हजार वस्तीच्या या गावाला काही विहिरींतून पाणीपुरवठा होत असे. मे २००० मध्ये सलग जोराचा पाऊस झाला आणि जवळच्या शेतात घातलेल्या शेणखतातील जंतू पाण्याबरोबर झिरपत पाचव्या क्रमांकाच्या उथळ विहिरीत उतरले. खत घालणाऱ्या शेतकऱ्याने कोणताही नियम मोडलेला नव्हता, हे पुढे चौकशीतही मान्य झाले. त्या विहिरीवर क्लोरीन घालण्याचे यंत्र होते. मात्र पडणारा क्लोरीन अपुरा होता आणि शेष क्लोरीन रोज मोजायचा तो मोजला जात नव्हता. नोंदवहीत मात्र आकडे होते, आणि ते जवळजवळ नेहमी ०.५ किंवा ०.७५ असेच होते. प्रयोगशाळेने १७ मे रोजी पाणी दूषित असल्याचे पाणीपुरवठा विभागाला कळवले, पण तिथून ते आरोग्य विभागाला सांगितले गेले नाही. लोक आजारी पडू लागल्यावर आरोग्य विभागाने स्वतः विचारले, तेव्हाही पाणी ठीक असल्याचेच उत्तर मिळाले. पाणी उकळून पिण्याची सूचना अखेर २१ मे रोजी आरोग्य विभागाने स्वतःच्या जबाबदारीवर दिली. तोवर फार उशीर झालेला होता: दोन हजार तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले.

न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशी अहवालात एक तपशील आहे, जो वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही. खोट्या नोंदी करणारे कर्मचारी स्वतः त्याच विहिरींचे पाणी, तेही क्लोरीन घालण्याआधीचे, पीत असत, कारण त्यांच्या मते ते मुळातच शुद्ध होते. त्यांच्या मनात कोणाला अपाय करण्याचा हेतू नव्हता; त्यांना क्लोरीन हा वरून लादलेला उपचार वाटत होता आणि वासाबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारीही येत असत. क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी स्वयंचलित यंत्रे त्या विहिरीवर असती तर ही साथ टळली असती, असा निष्कर्ष चौकशीने काढला. लहान शहराच्या पाण्याची नाजूक बाजू नेमकी इथे आहे. तिथे सारी व्यवस्था दोन-तीन माणसांच्या सवयींवर उभी असते, त्यांच्या रजेच्या काळात त्यांच्या जागी दुसरे कोणी नसते, आणि त्यांची वही कोणी उघडून पाहत नाही.

न्यूझीलंडमधील हॅव्हलॉक नॉर्थ या सुमारे चौदा हजार वस्तीच्या शहरात ऑगस्ट २०१६ मध्ये असेच झाले, फरक इतकाच की तिथे खोटे लिहिण्याचाही प्रश्न नव्हता, कारण भूगर्भातील पाणी सुरक्षित समजून त्यावर कोणतेच निर्जंतुकीकरण केले जात नव्हते. जोरदार पावसानंतर मेंढ्यांची विष्ठा वाहत जवळच्या तळ्यात गेली, तिथून पाणी धारण करणाऱ्या थरात उतरली आणि कूपनलिकांतून नळाला आली. साडेपाच हजारांच्या आसपास लोक कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे आजारी पडले आणि चार मृत्यूंशी या साथीचा संबंध जोडला गेला. फिनलंडमधील नोकिया शहरात, ज्याचे नाव आपल्याला दुसऱ्याच कारणाने पाठ आहे, नोव्हेंबर २००७ मध्ये जे घडले त्यात पावसाचा संबंध नव्हता आणि पाण्याचा उगमही दूषित झाला नव्हता. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची वाहिनी एका ठिकाणी जोडलेली होती, त्यांच्यामधला व्हॉल्व्ह उघडला गेला आणि सुमारे ४५० घनमीटर सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या जाळ्यात शिरले. आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. ज्या दोन वाहिन्यांचा एकमेकींशी संबंध यायलाच नको, त्यांच्यामध्ये एक व्हॉल्व्ह एवढेच अंतर ठेवले गेले होते.

आता थोडा हिशेब, कारण क्लोरीन घातला एवढे म्हणून भागत नाही. एक लाख लिटरच्या टाकीत लिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात क्लोरीन घालायचा तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो, म्हणजे पावडर साधारण ३०० ग्रॅम लागेल. पण ही पावडर ऊन, उकाडा आणि दमट हवा यांनी झपाट्याने निकामी होत जाते; पोते उघडे राहून तिची ताकद २० टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्याच परिणामासाठी ५०० ग्रॅम लागतील. टाकीवरचा माणूस प्रामाणिकपणे रोज ठरलेली मापे टाकत राहतो आणि पाण्यात पडणारा क्लोरीन मात्र महिन्यागणिक घटत जातो. शिवाय पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की क्लोरीनची भूक वाढते, आणि तुरटी घालून पाणी नीट निवळले नसेल तर मातीच्या कणांच्या आड लपलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोहोचतच नाही. त्यामुळे किती घातला यापेक्षा किती उरला हाच आकडा विचारण्याजोगा आहे, आणि तो टाकीपाशी न मोजता सगळ्यात दूरच्या नळाला मोजलेला हवा.

त्या दूरच्या नळापर्यंतची वाट ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित बाब आहे. जलशुद्धीकरण केंद्र पाहायला शाळेच्या सहली जातात, पण जमिनीखालच्या वाहिन्या कोणीच पाहत नाही. वाहिनीत दिवसरात्र दाब असेल तर फुटलेल्या सांध्यातून पाणी बाहेर जाते. नुकसान होते, पण घाण आत येत नाही. पुरवठा ठरावीक तासांपुरता असेल तर पाणी थांबल्यावर वाहिनी रिकामी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो, आणि ज्या फटीतून सकाळी पाणी गळत होते त्याच फटीतून संध्याकाळी आजूबाजूच्या चिखलातले पाणी आत ओढले जाते. शेजारून गटार जात असेल तर काय ओढले जाईल हे सांगायला नको. नळाच्या जोडणीवर थेट पंप बसवून पाणी खेचणारे घर ही ओढ आणखी वाढवते आणि त्याचा प्रसाद शेजाऱ्यांनाही मिळतो. बादलीत बुडवून ठेवलेली रबरी नळीसुद्धा दाब गेल्यावर बादलीतले पाणी उलट वाहिनीत नेऊ शकते. पुरवठा सुरू होतानाच्या पहिल्या पाण्यात ही सगळी भर असते, म्हणून ते प्यायला न भरता धुण्याला किंवा झाडांना वापरावे, हा सल्ला मी कोणालाही निःसंकोचपणे देतो. वाहिनीच्या बंद टोकाला राहणाऱ्यांनी तर तो पाळावाच, कारण तिथे पाणी साचून राहते आणि क्लोरीन आधीच संपलेला असतो.

वाट नळाशीही संपत नाही. गच्चीवरची टाकी ही घरोघरची खाजगी जलवाहिनी असते, आणि तिच्या स्थितीसाठी आपण पाणी खात्याला बोल लावू शकत नाही. झाकण नीट न बसणारी, तळाशी गाळ साचलेली, उन्हात तापणारी टाकी रात्रीतून उरलासुरला क्लोरीन संपवते. मी एकदा एकाच सकाळी थेट वाहिनीचे आणि टाकीतले पाणी शेजारी शेजारी तपासले, तेव्हा पहिल्या नळीत स्पष्ट गुलाबी रंग आला आणि दुसरी नळी कोरी राहिली. तेव्हापासून पिण्याचे पाणी थेट वाहिनीच्या नळाचेच भरले जाते, आणि तेही तोटी असलेल्या झाकणबंद भांड्यात; कारण भांड्यात हात किंवा पेला बुडवणे हा शुद्ध पाणी पुन्हा बिघडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

गुलाबी रंगाच्याही मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्या नाहीत तर मी त्या टीडीएस मीटरवाल्यांच्याच रांगेत जाऊन बसेन. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीच्या कवचावर नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनचा परिणाम होत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात पाण्यात क्लोरीन असूनही सुमारे चार लाख लोक त्याने आजारी पडले, कारण गाळण कमी पडली होती. तिथे उपाय चांगल्या गाळणीचा, अतिनील किरणांचा किंवा उकळण्याचा. दुसरी मर्यादा रसायनांची. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि शिसे यांच्याबद्दल क्लोरीन काहीच बोलत नाही. नायट्रेटची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम, फ्लोराइडची १.५ मिलिग्रॅम आणि आर्सेनिकची १० मायक्रोग्रॅम आहे, आणि विहिरी वा कूपनलिकांवर अवलंबून असलेल्या शहरात ही तपासणी प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी लागते. शिसे बहुधा उगमातून येत नाही, ते नळ्या, जोड आणि तोट्यांतून पाण्यात उतरते. अमेरिकेतील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि वाहिन्यांची झीज रोखणारे द्रव्य घातले नाही, तेव्हा जुन्या नळ्यांतले शिसे पाण्यात उतरून मुलांच्या रक्तापर्यंत पोहोचले.

उकळण्याबद्दलही एक गैरसमज आहे. पाण्याला खळखळून उकळी आली की जिवाणू, विषाणू आणि परजीवी मरतात. अर्धा तास उकळत ठेवण्याची गरज नसते, त्यात केवळ इंधन जाते. पण पाणी आटल्यावर नायट्रेट किंवा आर्सेनिक उडून जात नाही, उलट उरलेल्या पाण्यात ते अधिक दाट होते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे, कारण अधिक नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, आणि नेमके त्यांच्यासाठीच पाणी पुन्हा पुन्हा उकळले जाते. घरगुती यंत्रांविषयी थोडक्यात इतकेच म्हणेन की, अतिनील किरणांच्या यंत्राला आधी नितळ पाणी लागते आणि त्यानंतर पाण्यात कोणतेही संरक्षण उरत नाही, तर आरओ यंत्र क्षारांबरोबर क्लोरीनही काढून टाकते, त्यामुळे त्याच्या साठवणटाकीची स्वच्छता ही तुमची जबाबदारी होते. आपल्या पाण्यात दोष कोणता आहे हे न तपासता यंत्र घेणे म्हणजे रोग न विचारता औषध घेणे.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा झाल्यास तो नीट काढावा, कारण वाईट रीतीने घेतलेला नमुना विनाकारण घाबरवतो किंवा विनाकारण निश्चिंत करतो. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरावी. तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, जे क्लोरीनचा प्रभाव तिथेच थांबवते, अन्यथा वाटेत बाटलीतल्या बाटलीत जंतू मरत राहतात आणि अहवाल प्रत्यक्षापेक्षा चांगला येतो. त्यामुळे ती बाटली विसळायची नसते. तोटी पुसून निर्जंतुक करावी, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये आणि नमुना थंड ठेवून लवकरात लवकर, जास्तीत जास्त चोवीस तासांत, पोहोचवावा. शिसे तपासायचे असेल तर मात्र पद्धत उलटी: रात्रभर नळ न उघडता सकाळचे अगदी पहिले पाणी घ्यावे, कारण शिसे शोधायचे आहे ते नळ्यांत साचून राहिलेल्या पाण्यात.

क्लोरीनच्या वासाबद्दल तक्रार करणाऱ्यांशी माझा वाद होतो, पण तो वाद मी सबुरीने घालतो, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. क्लोरीन आणि पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये यांच्यापासून ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली संयुगे तयार होतात, हे १९७४ पासून माहीत आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे क्लोरीन घालण्याआधी पाणी अधिक चांगले निवळून व गाळून घेणे. त्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. शिवाय उग्र वास म्हणजे क्लोरीन फार झाला असा निष्कर्ष नेहमीच बरोबर नसतो. पाण्यात अमोनिया असेल आणि क्लोरीन अपुरा पडला असेल, तर तयार होणारी क्लोरामाइन संयुगे मुक्त क्लोरीनपेक्षा अधिक उग्र वास देतात. क्लोरामाइन डीपीडीच्या नळीतही फसवतात, कारण ती हळूहळू गुलाबी रंग आणतात. म्हणून रंग एका मिनिटाच्या आत वाचावा, नंतर गडद झालेला रंग मोजू नये.

पाणी खात्याकडे गेल्यावर पाणी चांगले आहे का, असे मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर कधीच नकारार्थी येत नाही. आज सकाळी शेवटच्या टोकाच्या नळाला शेष क्लोरीन किती होता, गेल्या मोठ्या पावसाच्या दिवशी गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा किती होता, वाहिनी दुरुस्त केल्यावर ती निर्जंतुक केली का, आणि नमुने कोणत्या नळांवरून घेतात, एवढेच प्रश्न मी विचारतो. पहिल्यांदा माझ्याकडे संशयाने पाहिले गेले. आता टाकीवरचा माणूस मला पाहिले की स्वतःहून वही पुढे करतो, आणि कधी कधी माझा आकडा काय आला हेही विचारतो.

त्या वहीत मी सर्वांत आधी पाहतो ते आकडे एकसारखे नाहीत ना हे. खऱ्या पाण्याचे आकडे हलतात. उन्हाळ्यात उतरतात, पंप बंद पडला की कोसळतात, नवे पोते उघडले की वर जातात. माझ्या वहीतही ०.४, ०.३, ०.४, ०.३ अशी ओळ चालू असताना मध्येच, रात्रभर पाऊस झाल्यानंतरच्या एका सकाळी, शून्य लिहिलेले आहे. गोळी जुनी असेल असे समजून मी दुसऱ्या पाकिटातली गोळी टाकून पाहिली, तरी नळी कोरीच राहिली. खात्याला कळवले तेव्हा रात्री वाहिनीच्या दुरुस्तीसाठी पुरवठा तोडला होता, असे समजले. त्या शून्यापुढे ‘पाणी उकळले, शेजारी सांगितले’ असे लिहिले आहे, आणि त्याखालच्या दोन दिवसांचे आकडे ०.१ आणि ०.३ आहेत.